पन्नास टाचण्या

मी दवाखान्याच्या भिंतीवरचा नकाशा बोलतोय. जरा जवळ या, मला मोठ्याने हाक मारता येत नाही.

तापाची साथ आली तेव्हा डॉक्टरसाहेबांनी मला इथे टांगलं. नियम सोपा होता. ज्या घरात तापाचा रुग्ण, त्या घरावर लाल डोक्याची एक टाचणी. जिथे टाचण्या दाट, तिथे तपासणीचं पथक पाठवायचं. टोचायचं मला, पण माणसं वाचणार म्हणून मी मुकाट सोसलं.

डबीत पन्नासच टाचण्या होत्या. आठवड्यात संपल्या. कारकुनाने नव्या डबीसाठी अर्ज केला. अर्ज वर गेला तो गेलाच. माणूस भला, काम अडू नये म्हणून त्याने शक्कल लढवली. नवा रुग्ण आला की दाटीतली एक टाचणी उपटायची आणि नव्या घरावर लावायची. "इथे एवढ्या आहेत, एक गेली तर काय बिघडतं?" असं तो पुटपुटायचा.

दर सोमवारी डॉक्टरसाहेब टाचण्या मोजायचे. पन्नास. पुन्हा पन्नास. "वाढ नाही, कुठे दाटीही नाही. साथ आटोक्यात आहे."

अहो, डबीच पन्नासची! माझा जीव तीळ तीळ तुटायचा.

सगळ्यात जास्त टाचण्या निघाल्या त्या टाकीमागच्या गल्लीतून. तिथे माझी पार चाळण झाली. झाडलोट करणाऱ्या मावशी त्याच गल्लीतल्या. फडकं मारताना त्यांचा हात थांबला.

"साहेब, आमच्या गल्लीत भोकं किती पडलीत बघा. घरोघरी ताप आहे हो. पथक पाठवा ना."

"मावशी, तिथे टाचण्या दोनच आहेत. नकाशा जुना झालाय, म्हणून भोकं. नवा मागवतो."

दुसऱ्या दिवशी मावशींच्या लेकीची टाचणी लागली. तिसऱ्या दिवशी, तिथे तीन झाल्या म्हणून, कारकुनाने तीच उपटली.

"काढू नका, दादा," मावशी कळवळून म्हणाल्या. "ती अजून उठलेली नाही."

त्याने मान खाली घातली आणि टाचणी बाजाराजवळच्या एका घरावर लावली.

चार दिवस झाले, मावशी आलेल्या नाहीत. माझ्यावर धूळ साचली आहे. आज नवा नकाशा आला, कोरा करकरीत. मला उतरवायला कारकून स्टुलावर चढलाय.

गुंडाळ बाबा, माझी तक्रार नाही. पण आधी एकदा मला खिडकीशी धर, आणि उजेड कुठून येतो तेवढं बघ.