शनवारी लागलेलं कुलूप

मदत करण्यापेक्षा आपण मदत करतो हे दाखवण्याची हौस असलेली माणसं रेबेकाबाईंनी पेणच्या शाळेत, स्टाफरूममध्ये, उभी हयात पाहिली होती. तसली माणसं कॉम्प्युटरच्या आतही ठाण मांडून बसलेली असतात, हे मात्र त्यांना निवृत्तीनंतर कळलं.

काम एवढंसं होतं. त्यांचे यजमान इझिकेल गेल्याला वर्ष होत होतं. रविवारी संध्याकाळी घरी मलिदा होता, म्हणजे गूळखोबऱ्यातले पोहे, फळं आणि एलियाहू हानाबी या प्रेषिताची गाणी. त्यासाठी मुलगा मायकल नात शीराला घेऊन इस्रायलहून येणार होता. इझिकेलनी स्वतः रचलेली मराठी पदं त्या वेळी म्हटली जावीत, एवढीच बाईंची इच्छा. पण ती टाइप केलेली होती जुन्या कॉम्प्युटरवर. तो भंगारात गेला, आणि पेन ड्राइव्हमधली फाईल नव्या लॅपटॉपवर उघडली तर मराठीचा मागमूस नाही. नुसते स्वल्पविराम, डॉलर आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. बाईंना प्रत्येक पदाची पहिली ओळ येत होती, पुढचं नाही. ती फाईल उघडली नाही तर इझिकेल दुसऱ्यांदा जाणार होते.

कॉम्प्युटरच्या अडचणींवर फुकट उत्तरं देणाऱ्या एका मराठी मंचावर त्यांनी प्रश्न टाकला. मदतगार लगेच धावले. एक म्हणाला, बंद करून पुन्हा चालू करा. दुसरा म्हणाला, विंडोज काढून टाका, मग त्याने विंडोज किती भिकार आहे यावर पानभर लिहिलं. तिसऱ्याने विचारलं, आधी गुगल केलंत का? प्रश्न धड वाचला नव्हता एकानेही. वर्गात असते तर बाईंनी तिघांनाही बाकावर उभं केलं असतं.

शुक्रवारी सूर्य बुडल्यावर कुणा सुश्रुतने एकच कामाची गोष्ट विचारली, 'कोणता फॉन्ट होता? फाईल पाठवा.' नावाखाली झोकात लिहिलेलं, 'मंचप्रमुख, रोहा. मदतीस सदैव तत्पर.' पण बाईंनी ते वाचलं शनिवारी, चांदण्या दिसल्यावर. तोवर त्याने प्रश्नाला कुलूप ठोकलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'दिवसभरात उत्तर नाही. गरज दिसत नाही. फुकट मिळालं की किंमत राहत नाही.' बाईंनी नवा प्रश्न टाकला. तोही 'आधी विचारून झालाय' म्हणून उडवला.

बाईंचं डोकं सणकलं. सदैव तत्पर म्हणे!

रविवारी सकाळीच त्या पेन ड्राइव्ह घेऊन एसटीने नागोठण्यावरून रोह्याला गेल्या. स्टँडवर गुणाजी रिक्षावाल्याला नाव सांगितलं मात्र, तो हसला.

"तो कंपनीवाला? शिफ्टवरनं आला का कॉम्पुटरला चिकटतो तो? बसा बाई, ठाव हाय मला."

दार सुश्रुतच्या आईने, विमलताईंनी उघडलं. आत खुर्चीत चाळिशीचा, पोट सुटलेला गृहस्थ कुणाला तरी 'प्रश्न नीट विचारायला शिका' असं लिहीत बसला होता. बाईंनी नाव सांगितलं.

"खासगी मदत देत नाही मी," मान न वळवता तो म्हणाला. "मंचावर विचारा."

"मंचाला तू कुलूप घातलंयस."

"उत्तर दिलं नाहीत तुम्ही."

"शुक्रवारी दिवे लागले की शनिवारी चांदणी दिसेपर्यंत आम्ही ज्यू माणसं यंत्राला हात लावत नाही. आमच्या लोकांच्या तेलाच्या घाण्या होत्या इकडे, त्याही शनवारी बंद असायच्या."

"हो रे," विमलताई म्हणाल्या. "माझी आई सांगायची. शनवारी तेल मागायला कोणी जायचं नाही. ऊठ, त्यांचं काम कर आधी."

मंचप्रमुख आईला मात्र घाबरत होते. सुश्रुतने जुना फॉन्ट शोधून घातला आणि कचऱ्यातून अक्षरं वर आली. बाई वाचत गेल्या. 'पाट मांडिला, पोहे भिजले, एलियाहू तू ये रे दारी.' शेवटच्या पदाची शेवटची ओळ त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती. 'रेबेकेच्या इझिकेलची हाक एवढी ऐकून जा.' ती ओळ त्यांनी मनातल्या मनात पुन्हा वाचली. या माणसासमोर रडायचं नव्हतं. त्याने छापून दिलेले कागद त्यांनी पर्समध्ये जपून ठेवले.

"तेवढं मंचावर जाऊन 'उत्तर मिळालं' दाबा हं," सुश्रुत म्हणाला. आता त्याचा आवाज लोण्यासारखा मऊ झाला होता. "जुन्या फॉन्टचं उत्तर अजून कुणाच्याच नावावर नाही. त्याचे गुण माझ्या खात्यात येतील."

"दाबते की." बाईंनी त्याच्याच पडद्याकडे बोट दाखवलं. "कुलूप काढ."

सुश्रुतने माउस इकडेतिकडे फिरवला. "एकदा बंद केलेला प्रश्न उघडत नाही. तसा नियम आहे."

"कोणी केला?"

त्याने आईकडे पाहिलं. विमलताईही त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मी," तो म्हणाला.

"छान केलास," बाई म्हणाल्या, आणि पर्स पोटाशी धरून पायऱ्या उतरल्या. मलिद्याचे पोहे अजून भिजवायचे होते.