शुक्रवारची ऑफर

श्रीकांतला या तिकिटावर मिळणार होते क्रेडिट कार्डाचे चौपट पॉइंट्स. रोख एक पैसाही नाही. तो तसला माणूस नव्हता. कोलकात्याच्या मराठी मंडळात कुणाला गावी जायचं असलं की श्रीकांत आपल्या मोबाइलवरून, आपल्या कार्डावर तिकीट काढून देई. "हावड्याला रांगेत कशाला तिष्ठता? मी आहे ना!" लोक दुवा देत, कार्ड पॉइंट्स देई, आणि त्या पॉइंट्सवर बँकेतला हा साहेब दर दिवाळीला विमानानं पुण्याला फुकट जाई. परोपकार इतका स्वस्तात क्वचितच पडतो.

मंगळवारी प्रेमलतामावशींचा फोन आला. नागपूरला धाकटा भाऊ अंथरुणाला खिळला होता. "डॉक्टर आठवडा म्हणतात रे. विमानाचं बघ. तो ओळखतोय तोवर पोचायचंय मला."

उद्याचं तिकीट समोर दिसत होतं. कार्डाची चौपट पॉइंट्सची ऑफर मात्र फक्त शुक्रवारी काढलेल्या तिकिटाला. आठवडा आहे म्हणजे शुक्रवार बसतो, असा हिशेब करून श्रीकांत म्हणाला, "मावशी, सर्व्हर डाऊन आहे." सारी नोकरी काउंटरपलीकडच्यांना ऐकवलेलं वाक्य, जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

"घरात कुठला हो सर्व्हर तुमचा?" बायकोनं, सुहासिनीनं, स्वयंपाकघरातून विचारलं.

"तुला त्यातलं कळत नाही."

"शुक्रवार कळतो मला."

शुक्रवारी शनिवारच्या पहाटेचं तिकीट निघालं. त्याच रात्री भाऊ गेला. मावशींना त्याचं तोंड तेवढं दिसलं, डोळे मिटलेलं.

परतल्यावर त्या संत्रा बर्फीचा डबा घेऊन आल्या. "शेवटपर्यंत विचारत होता म्हणे, ताई निघाली का? भावजयीला सांगितलं मी, आमच्या श्रीकांतनं जिवाचं रान केलं गं, पण सर्व्हरच डाऊन. त्याला तो बिचारा काय करणार!"

सुहासिनीनं पाण्याचा पेला ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. श्रीकांतचे कान तापले.

"मावशी, खरं म्हणजे..."

"खरं म्हणजे काय रे?"

मावशी इतक्या विश्वासानं बघत होत्या की त्याला मान वर करवेना. "...बर्फी छान आहे."

"मग घे की अजून एक!"

त्यानं घेतली.

मावशी गेल्यावर सुहासिनी डबा झाकत एवढंच म्हणाली, "दिवाळीला तुम्ही एकटेच जा."

पॉइंट्स ठरल्याप्रमाणे जमा झाले होते. तिकिटाचे पैसे मावशींनी त्याच दिवशी चुकते केले होते. उरलेलं त्यांच्या भावानं भरलं, मंगळवारपासून दाराकडे बघत.