मोएलागीच्या दारचं लाल फडकं

"काढ ते फडकं," मोएलागी म्हणाली.

तिचे हात कोपरापर्यंत खोबरेल तेलाने माखले होते आणि हाताखाली शेजारच्या रुताचा चार वर्षांचा सिमी तापाने फणफणत पडला होता, म्हणून ती बसून राहिली. नाहीतर स्वतः उठून काढलं असतं. रस्त्याकडेच्या खांबाला तिची सून अकेनेसे लाल कापडाची पट्टी बांधत होती. नेसूचं जुनं वस्त्र फाडून तिने ती सकाळीच तयार ठेवली होती.

"आई, सरकारचा हुकूम आहे. ज्या घरात कुणाची गोवराची लस राहिलीय त्यांनी लाल कापड लावायचं. लसीची गाडी तिथंच थांबणार."

"रेडिओ मलाही ऐकू येतो."

"माझ्या मासिनाची राहिलीय."

"राहिली नाही. मी मुद्दाम ठेवलीय."

अकेनेसेने गाठ आणखी आवळली. मोएलागीला ते खटकलं. सावाइई बेटावर नवऱ्याच्या गावात नांदायला आलेली सून शेवटी जेवते आणि शेवटी बोलते. ही तर बोलून वर गाठही बांधत होती.

मोएलागी त्या गावची फोफो होती, म्हणजे चोळून बरं करणारी. चाळीस वर्षं तिने अंग चोळलं, मुरगळलेले पाय बसवले, बाळंतिणींची पोटं जागेवर आणली. पैसा घेतला नाही. कुणी माशाचा डबा आणला, कुणी अर्धा नीरफणस भाजून आणला, तेवढंच. तिच्या हाताला गुण आहे असं चार गावं म्हणत. आता त्याच घरावर लाल फडकं लावायचं, म्हणजे आमच्या पोरीला आमचं औषध पुरत नाही अशी दवंडीच पिटायची की.

"मावशी, याचे डोळे बघा कसे लाल झालेत," रुता म्हणाली. दोन दिवस कुणी घराबाहेर पडायचं नाही असा हुकूम होता, तरी ती कुंपणाच्या फटीतून पोराला घेऊन आली होती. "गोवर तर नसेल ना?"

"गोवर गोऱ्यांचा. हा आपला आजार आहे, पोटातली उष्णता वर आलीय. आणि एक सांगते, आपल्या आजाराला सुई चालत नाही. सुई लागली की आजार आत पळतो, मग माझ्यानेही निघत नाही."

"गेल्या वर्षी ती दोन बाळं..."

"तेच म्हणते मी."

गेल्या वर्षी याच बेटावर लस टोचल्यावर काही मिनिटांत दोन बाळं गेली होती. औषध कालवताना चूक झाली, लसीत खोट नव्हती, असं पुढे निघालं. पण चूक म्हणा की आणखी काही, बाळं गेली ती गेलीच. तेव्हापासून गावातल्या निम्म्या आयांनी दवाखान्याची वाट सोडली होती. मासिनाचं वर्ष भरलं तेव्हा अकेनेसेने विषय काढला. मोएलागीने तिला न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेल्या नवऱ्याला फोन लावून विचारायला लावलं. फालानिको म्हणाला, "आई म्हणते तसं कर." प्रश्न मिटला.

मोएलागीने सिमीच्या पाठीवर पुन्हा तेल चोळलं. नेहमीचा ताप हाताखाली हळूहळू उतरतो. हा उतरत नव्हता. असली उष्णता चाळीस वर्षांत तिच्या हाताला कधी लागली नव्हती. हे ती कुणाशी बोलली नाही. चटईच्या दुसऱ्या टोकाला दीड वर्षाची मासिना तेलाची वाटी उपडी करून त्यावर थापा मारत बसली होती आणि मधूनच सिमीच्या तोंडाला तोंड लावून त्याला हसवू पाहत होती.

रुता गेल्यावर मोएलागीने हात पुसले. अकेनेसे मागे चुलीपाशी खोबरं पिळत होती. मोएलागी खांबापाशी गेली, गाठ सोडली आणि पट्टी घडी घालून मांडीखाली घेऊन बसली.

तासाभराने गाडी आली. गावात तिचंच तेवढं इंजिन चालू होतं. घर कसलं, खांबांवरचं छप्पर, त्याला भिंतीचा आडोसा नाही. त्यामुळे गाडीतल्यांना ती दिसली आणि तिला गाडीतले. खिडकीतून सिस्टर लुसिआने मान बाहेर काढली. लुसिआचा जन्म झाला तेव्हा पहिलं तेल मोएलागीनेच लावलं होतं.

"मावशी, कापड नाही दिसत! सगळ्यांचं झालं का?"

"या घरात सगळं ठीक आहे," मोएलागी म्हणाली.

"बरं झालं बाई. तुमच्याशी भांडावं लागेल म्हणून मी सकाळी दुप्पट न्याहारी केली होती."

गाडी हसत हसतच पुढे गेली. अकेनेसे धावत आली तेव्हा तिच्या बोटांवरून नारळाचं दूध गळत होतं. तिने आधी खांबाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग सासूच्या मांडीखालून डोकावणाऱ्या लाल काठाकडे. मग ती परत चुलीकडे गेली. मोएलागीला वाटलं, हिने भांडायला तरी हवं होतं.

पुढचे दहा दिवस काहीच झालं नाही. मासिना खात होती, खेळत होती, कोंबड्यांमागे पळत होती. सिमीच्या अंगावर मात्र पुरळ उठलं आणि त्याचा बाप त्याला दवाखान्यात घेऊन गेला. तिथे तो आठ दिवस ऑक्सिजनच्या नळीवर होता. वाचला, पण त्याच्या एका कानाला ऐकू येईना. अकेनेसेने तीनदा विचारलं, "आई, हिला दवाखान्यात नेऊन आणू?" मोएलागीने तिन्ही वेळा सांगितलं, "हसत्या पोराला टोचतेस कशाला? होऊ दे रविवार." खरी गोष्ट अशी होती की आता नेलं तर त्या दिवशी फडकं का काढलं हे लुसिआला सांगावं लागलं असतं. झाकली मूठ उघडायला तिचं मन धजत नव्हतं.

रविवारी प्रार्थनेला निघताना मासिनाचे डोळे लाल दिसले.

"दात येतायत," मोएलागी म्हणाली.

दोन दिवस तिने पोरीला चोळलं. औषधी पानं पाण्यात भिजवून अंगाला गुंडाळली आणि ती तापून सुकली की नवी आणली. हात कधीच सांगून मोकळे झाले होते, ती ऐकत नव्हती. तिसऱ्या दिवशी मासिनाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाऊ लागल्या. तेव्हा अकेनेसेने पोरीला सासूच्या हातांखालून उचललं. विचारलं नाही. भर उन्हात अनवाणी रस्त्यावर जाऊन तिने येणारा पहिला ट्रक थांबवला.

दवाखान्यात मासिना सहा दिवस होती. गुरुवारी तिला घरासमोर, रस्त्याच्या बाजूला पुरलं. फालानिकोला यायला विमान मिळालं नाही. त्याने फोनवरून प्रार्थना म्हटली आणि मधेच तो थांबला तेव्हा कुणाला पुढचे शब्द आठवेनात.

शनिवारी अकेनेसे माहेरी निघाली. पिशवी खांद्याला लावून ती सासूपाशी येऊन बसली. मोएलागी वाट पाहत होती. जे काही ऐकावं लागेल त्याची तिने तयारी केली होती.

"आई," अकेनेसे म्हणाली, "मी ते परत बांधायला हवं होतं."

मोएलागीला वाटलं, हिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी सोडलं ते. तुझा काय दोष?" पण सून पायांकडे बघत राहिली. तिला ते ऐकू गेलं की नाही, हे मोएलागीला शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी सकाळी मोएलागी चार मैल चालत दवाखान्यात गेली आणि रांगेत बसली. लोकांनी तिला ओळखलं. कुणी जागा दिली, कुणी नजर चुकवली. लुसिआ बाहेर आली आणि तिचे हात धरून रडू लागली.

"मावशी, मी उतरून बघायला हवं होतं."

"आता तूही तेच म्हणतेस," मोएलागी म्हणाली. "कागद घे. माझ्या चटईवर या महिन्यात कोण कोण पोरं निजली ते सांगते. अकरा आहेत. त्यातल्या पाच घरांनी लाल कापड लावलं नाही. मी त्यांना लावू नका म्हणाले होते."

लुसिआने लिहून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही बरोबर आलात तर घरात घेतील. मला एकटीला घेणार नाहीत."

त्या दिवशी चार घरं झाली. कुठे रडारड झाली, एका आजोबाने काठी उगारली, पण मोएलागी गाडीतून उतरली की आवाज खाली यायचे. पाचवं घर पलीकडच्या गावात होतं. तिथल्या तरुण आईने नऊ महिन्यांच्या मुलाला छातीशी घट्ट धरलं आणि जोत्याच्या कडेलाच उभी राहिली. तिच्या गावात अजून बातमी पोचली नव्हती.

"मावशी, तुम्हीच सांगितलंत ना, आपल्या आजाराला सुई चालत नाही? मग आज हे काय?"

"मी चुकीचं सांगितलं."

"तुमच्या नातीला दिलीत का ही सुई? खरं सांगा."

"नाही दिली."

बाई लुसिआकडे वळली. "बघा सिस्टर. स्वतःच्या घरात नाही, आणि आमच्या घरी..."

"मागच्या गुरुवारी पुरलं तिला," मोएलागी म्हणाली.

बाईचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिने कोपऱ्यातली चटई ओढून आणली, झटकली आणि मोएलागीला बसायला खूण केली. मोएलागी बसल्यावर तिने पोराला तिच्या मांडीवर ठेवलं. पोर निरोगी होतं, लाथा झाडत होतं.

लुसिआने सुई भरली. मोएलागीने पोराची मांडी दोन्ही हातांनी धरली, हलू नये म्हणून.