ॲड लिहायचं राहिलं

इस्पितळाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईला सगळे वहिनीच म्हणायचे, कारण तिची नणंद तिथंच अतिदक्षता विभागात मुख्य परिचारिका होती.

जुन्या इमारतीतले स्विच, म्हणजे नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या पेट्या, एका कंपनीचे, नव्या इमारतीतले दुसरीचे. फोन, मॉनिटर, कार्यालय, सगळ्यांची माहिती एकाच तारेतून जायची. पण प्रत्येकाचा व्हीलॅन वेगळा, म्हणजे तारेतली वाट वेगळी. त्या दुपारी नव्या फोनांचा व्हीलॅन जुन्या मुख्य स्विचवर चढवायचा होता. सकाळभर नव्या स्विचवर काम करून वहिनीचा हात त्यांच्या भाषेला बसला होता. तिथं नव्या व्हीलॅनचा क्रमांक दिला की तो आधीच्यांत मिसळतो. जुन्यावर ‘ॲड’, म्हणजे ‘आणखी जोड’, असं लिहिलं नाही, तर आधीचे सगळे पुसले जातात. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी बोटांनी दगा दिला.

‘ॲड’ न लिहिताच एंटर दाबलं आणि स्क्रीन गोठली. तिची स्वतःची वाटही पुसली गेली होती. उरली होती फक्त नव्या फोनांची.

तेवढ्यात मोबाइल वाजला. वॉर्डातल्या नव्या फोनवरून नणंद बोलत होती.

“वहिनी, टेबलावरचा सगळ्या रुग्णांचा मोठा पडदा काळा झालाय. कुणाचंच काही दिसत नाही.”

“खाटेजवळचे मॉनिटर?”

“चालू आहेत. पण इतक्या खोल्यांत एकदम बघणार कोण?”

“मिळेल त्याला खाटेपाशी उभं कर. चूक माझीच आहे. निघालेच मी.”

जिने उतरून ती तळघरातल्या स्विचपाशी पोचली, लॅपटॉपची वायर थेट त्यात खुपसली. मागोमाग तिचे साहेब धापा टाकत आले.

“सेव्ह केलं नाहीस ना? मग बंद करून चालू कर. आधीसारखं होईल.”

“होईल, पण चालू व्हायला वेळ लागेल. तोवर फोनही जातील.” तिनं मोबाइलवर नणंदेला विचारलं, “फोन थोडा वेळ बंद केले तर चालेल?”

“अजिबात नको! कोपऱ्यातल्या आजोबांची नाडी उतरतेय. डॉक्टरांना दुसऱ्या फोनवर धरून ठेवलंय.”

वहिनीनं बटणावरचा हात काढला. एकेक व्हीलॅन हातानं लिहायला घेतला. आधी मॉनिटरचा. ‘ॲड’ हा शब्द तिनं ओठ हलवून वाचला, मगच एंटर दाबलं.

“आला! पडदा आला!” नणंद ओरडली आणि फोन तसाच टाकून पळाली.

वहिनीनं बाकीचे चढवले. साहेब हळूच म्हणाले, “जुना स्विच बिघडला, असं कळवू या वर.”

“नको, साहेब. त्यानं मी सांगितलं तेच केलं.”

ती वॉर्डात गेली तेव्हा आजोबांची नाडी सावरली होती. नणंद औषधाची सुई टाकून देत होती.

“मी खाटेपाशी उभी होते म्हणून दिसलं, वहिनी,” ती वर न बघता म्हणाली. “नाहीतर कळलंही नसतं.”

वहिनीनं दाराशेजारची खुर्ची ओढली आणि त्या मोठ्या पडद्यासमोर एकेकाचे आकडे बघत बसून राहिली.