भरलेली बाटली

डबल डेकर हे नाव तिला तिच्या जाडीवरून बस डेपोतल्यांनी ठेवलं होतं आणि तिने ते हसून चालवून घेतलं होतं. खरं दुखणं निराळं होतं. बस गतिरोधकावरून उडाली की कपड्यात लघवीचे थेंब गळायचे. शिंकेचं तर नावच नको. स्टिअरिंग सोडून मध्येच उठणार कशी? म्हणून ती पाणीच प्यायची नाही. घरून भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच परत यायची.

"वजन उतरलं की बऱ्याच जणींचं हे कमी होतं," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तिने वजन घटवायचं ऑपरेशन करून घेतलं. नवरा नको नको म्हणत होता. "धडधाकट पोट कापून घेतेस? विकतचं दुखणं!" पण वर्षभरात ती निम्मी झाली, गळणंही थांबलं. नवऱ्याने सपशेल माघार घेतली.

आणि आता हे. काही दिवसांपासून शेवटच्या फेरीला खाली जड जड वाटायचं. आज आंघोळ करताना तिथेच हाताला मऊ गोळा लागला आणि तिची पाचावर धारण बसली. ऑपरेशनमधलंच काही सुटून खाली आलं असेल का? गाठ असेल का? नवऱ्याला सांगावं, तर तो म्हणणार, मी सांगत नव्हतो? डेपोत कळलं, तर बस काढून घेणार आणि पास द्यायच्या खिडकीत बसवणार. तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

दुपारी ती दवाखान्यात गेली. बाईंनी तपासलं.

"शौचाला जोर करावा लागतो?"

"रोज. घाम फुटेपर्यंत."

"पाणी किती पिता?"

तिने पर्समधून डोकावणारी भरलेली बाटली हळूच आत ढकलली.

"ऑपरेशननंतर बजावलं होतं ना, दिवसभर घोट घोट प्यायचं?"

"पण बाई, बस चालवताना लागली तर?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, गळणं थांबून किती महिने झाले! हे मूत्राशय खाली उतरलंय. ऑपरेशनने नाही. बाळंतपणात सैल पडलेले स्नायू वजन घटलं म्हणून आपोआप घट्ट होत नाहीत. त्यात तुमचा रोजचा जोर."

"बस चालवणं सुटेल का माझं?"

"व्यायाम शिकवते. नेमाने केलात तर पुष्कळ आटोक्यात येईल. पण पाणी प्यायचं आणि लागली की जायचं."

सांगायला काय जातं!

दुसऱ्या दिवशी ती भीत भीत बाटली रिकामी करत गेली. मंडईच्या थांब्याआधीच तिला जोराची लागली. थांब्यासमोरच स्वच्छतागृह होतं. इतकी वर्षं ती त्याच्यापुढून नुसती जात आली होती. तिने बस थांबवली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मागे वळली.

"मंडळी, पाच मिनिटं. मला लघवीला जायचंय."

कुणीतरी चुकचुकलं. कंडक्टर खिडकीबाहेर बघू लागला. तिला वाटलं, धरणी दुभंगावी.

"अगं थांब, मीपण येते," पहिल्या सीटवरची म्हातारी उठली. "कधीची धरून बसलेय मेली!"

मागून एक शिक्षिका उतरली, मग फायली कवटाळलेली एक मुलगी. बघता बघता स्वच्छतागृहाच्या दाराशी रांग लागली. ती संकोचून शेवटी उभी राहिली, तर म्हातारीने दंड धरून तिला पुढे ओढलं.

"तू आधी जा, बाई. तुझ्याशिवाय बस कुठे जातेय?"