बादलीतली तीन बोंडं

त्या दिवशी सकाळपासनं एकमेकीत रुतलेल्या बादल्या ओढून ओढून माझी मनगटं सुजली व्हती. एकीनं खालची बादली दोन्ही पायांत दाबून धरायची, दुसरीनं वरची हिसकायची. निघाली तर निघाली, न्हाईतर कड फाटायची आन् बादली भंगारात. मशीनीतनं गरमागरम बादली निघायची, जागा नसायची म्हनून तशीच एकीत एक घालून रास लावायची. थंड होता होता ती खालच्या बादलीत अशी रुतून बसायची, की गोचीड परवडली.

आमचं गाव पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीच्या पल्याड. मराठी बोलणारी बारा-पंधरा घरं, बाकी सगळी कन्नड. निम्म्या शेतांत कारखाने उठले, निम्म्यात अजून रागी, म्हंजे नाचणी, पिकती. चौऱ्याण्णव सालची गोष्ट ही. आमी सहाजणी त्या बादल्यांच्या कारखान्यात कामाला. मी अंबुबाई सगळ्यांत थोरली, आन् माझ्या जोडीला शेजारची शालन, गुंडोची बायको. बोलायची थोडं, बघायची फार.

त्याच दिवशी तुमकूरच्या दुकानदारानं लारीभर बादल्या माघारी धाडल्या. सोडवताना कडा फाटत्यात म्हनला. मालक आमच्या पुढ्यात येऊन कन्नडमधी बोलला, "असंच चाललं तर संक्रांतीला कुलूप लावतो. मग तुमी बी घरी आन् मी बी."

शालननं जाताना भंगारातल्या दोन बादल्या मागून घेतल्या.

ते दिवस रागी कापायचे. आभाळ भरून यायचं, झिमझिम पडायची, तांबडी माती पायाला किलोकिलोनं लागायची. शालन कारखान्यातनं आली की अंधार पडंपत्तूर रागी कापायची आन् मग पडवीत त्या बादल्या घेऊन बसायची. एकीत एक घालायची, ओढायची. ओढताना पच्च करून आवाज व्हायचा. तिसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली.

"अंबुआक्का, आवाज ऐकलासा? वाऱ्याची वाट अडतीय. दोन बादल्यांच्या मधी जागाच न्हाई, मग बाहेरचं वारं आत शिरणार कुठनं? ते शिरत न्हाई, म्हनून बादली सुटत न्हाई."

तिनं जुन्या चपलेच्या रबराचे तीन तुकडे कापले, बोटाच्या बोंडाएवढे. खालच्या बादलीत, तळाच्या वर चार बोटं, सारख्या अंतरावर चिकटवले. वरची बादली त्या तिन्हींवर टेकली, खाली रुतलीच न्हाई. मी एका हातानं उचलली. फुलासारखी वर आली.

"साच्यातच अशी तीन बोंडं पाडली, की झालं," शालन म्हनाली. तिच्या तोंडावर असं हसू मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

येसाजी तिथंच जेवत बसला व्हता. येसाजी म्हंजे गुंडोचा चुलतभाऊ. आईबाप गेल्यावर सहा वर्सं शालनच्याच हातचा मुद्दा, म्हंजे रागीचा उंडा, खाऊन वाढला. कारखान्यात त्याला साच्यांच्या कामावर लावला तो बी शालननंच, मालकाच्या पाया पडून.

"वैनी, लई डोकं लढवलंसा," तो म्हनाला. "उद्या मालकाला सांगू."

"मी बी येते तुझ्यासंगट."

"तुमी कशाला? साच्याची भाषा तुमाला बोलता येत न्हाई, मालक मधीच तोडून टाकंल. मी सांगतो. तुमचं नाव घिऊन सांगतो."

शालन म्हनाली, "सरी, तूच सांग." घरच्याच माणसावर कोण संशय घेणार?

आठ दिवसांनी येसाजी फोरमन झाला. मालकानं सगळ्यांस्नी म्हैसूरपाक वाटला, म्हनला, "आमच्या येसाजीनं युक्ती काढली. आता बादल्या आपोआप सुटतील." आमी शालनकडं बघितलं. तिच्या हातात म्हैसूरपाकाचा तुकडा तसाच. मालकानं पुढं सांगितलं, "म्हनून सोमवारपासनं सोडवणाऱ्या बायकांचं काम न्हाई."

तिच्याच डोक्यातली युक्ती, आन् तिच्यासंगं आमी बी रस्त्यावर.

फाटकापाशी शालननं येसाजीला गाठला. आवाज चढवला न्हाई तिनं.

"माझं नाव घेतलंस का?"

तो जमिनीकडं बघत म्हनाला, "वैनी, बायामाणसानं काढलंय म्हनल्यावर मालकानं ऐकलंच नसतं. आन् घरातच आलं न्हवं? माझं काय, तुमचं काय."

"आमच्या सहाजणींचं काम जाणार, हे ठावं व्हतं तुला?"

तो पायानं माती उकरत राहिला. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडं मागायची?

पर खरा घाव घरी बसला. गुंडो रागीच्या पेंढ्या रचत व्हता. शालननं सगळं सांगितलं, म्हनाली, "तुमी त्याला इचारा." गुंडो पेंढी हातात धरून उभाच.

"मला सांगितलं व्हतं त्यानं," तो म्हनाला. "आधीच. मी म्हनलं, तुझंच नाव सांग. बायकोचं नाव कारखान्यात चार गड्यांच्या तोंडी कशाला? त्याचं लगीन जमवायचंय, फोरमन असला तर पोरगी चांगली मिळंल."

मी कुडाच्या अल्याड भाकरी थापत व्हते, मला सगळं ऐकू आलं. शालन रडंल वाटलं. रडली न्हाई. इतकंच म्हनाली, "त्यो चोर निघाला त्याचं मला एवढं न्हाई. तुमी दार उघडून दिलंसा." घर फिरलं की घराचे वासे बी फिरत्यात म्हनत्यात, ते मी त्या सांजेला डोळ्यानं बघितलं. त्या दिवसापासनं ती कामापुरतंच बोलायची. गुंडोला ताट वाढायची, जवळ बसायची न्हाई.

पंधरा-वीस दिवस गेले. आमी दुसऱ्यांच्या रानात मजुरीनं रागी मळत व्हतो, तवर येसाजी आला. तोंड उतरलेलं. नव्या साच्याच्या बादल्या पयल्यापेक्षा जास्त चिकटत व्हत्या.

झालं व्हतं असं. तीन बोंडं पाडायला साचा तीन जागी कोरावा लागतो. येसाजीनं सोपं बघितलं. लेथवर एकच गोल खाच फिरवली, बादलीत आतनं सबंध कंगोरा उठवला. वरची गरम बादली त्या कंगोऱ्यावर झाकणासारखी गच्च बसायची. वारं जायला बारीक फट सुदिक न्हाई.

"वैनी, कुठं चुकलं एवढं सांगा. मालक मला काढून टाकंल."

गुंडो त्याच्या मागंच उभा. "सांग की. घरचाच हाय," म्हनाला.

शालन खळ्यावरनं उठली न्हाई. "मला ठावं हाय कुठं चुकलं. ज्याला सांगायचं त्याला सांगीन."

दुसऱ्या दिवशी आमी सहाजणी कारखान्यावर गेलो. मालक आत घेईना. शालन फाटकापाशीच उभी राहून कन्नडमधी म्हनाली, "तुमच्या बादल्या का सुटत न्हाईत ते मला ठावं हाय. तुमच्या फोरमनला ठावं न्हाई. पाच मिनटं द्या."

आत गेल्यावर तिनं कंगोऱ्याची बादली घेतली, सुरीनं कंगोरा तासला, तीनच तुकडे ठेवले. दुसरी बादली आत घातली, उलटी केली. आतली आपोआप खाली पडली. मालक कितीतरी वेळ ती बादली फिरवून बघत राहिला.

"ही युक्ती तुझी?" त्यानं इचारलं.

"माझी. इचारा त्याला."

येसाजी भिंतीला टेकून उभा व्हता. त्यानं हो म्हनून मान हलवली. न्हाई म्हनायची ताकदच उरली नव्हती त्याच्यात.

शालन म्हनाली, "मला फोरमन करू नका, काय देऊ बी नका. आमा सहाजणींना बादल्यांना धरायच्या कड्या बसवायच्या कामावर घ्या. ते काम तुमी बाहेरनं करून घेताय."

मालकानं स्वल्प इचार केला आन् हो म्हनला. येसाजीला मातर त्यानं काढलं न्हाई. "साच्याचं काम त्याच्याशिवाय कुणाला येत न्हाई," म्हनला. म्हंजे आमी कामावर लागलो खरं, पर हजेरी येसाजीच घेणार. शालनचं नाव तोच पुकारणार, आन् तिनं रोज "हाय" म्हनायचं.

ते बी तिनं केलं. पयल्या दिवशी त्यानं "वैनी" म्हनून हाक मारली, तशी ती म्हनाली, "इथं शालन म्हनायचं. नाव घ्यायला शीक."

बातमी गावात पसरायला कितीसा वेळ? त्या ऐतवारी अरळीच्या, म्हंजे पिंपळाच्या, कट्ट्यावर गुंडो चार गड्यांत बसून सांगत व्हता, "आमच्या शालननं काढली युक्ती. मालक सोता उठून उभा राहिला. डोकंच तसं हाय तिचं."

आमी दोघी वैरणीचे भारे घेऊन तिथनंच चाललो व्हतो. शालन थांबली. डोक्यावर भारा, मानंला घाम. गुंडो हसत तिच्याकडं बघायला लागला.

"माझं नाव घेऊ नका," ती म्हनाली. "घ्यायचं तवा घेतलं न्हाईसा."

गुंडोचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काय करावं त्याला कळंना. शालननं भारा सावरला आन् चालायला लागली. मी तिच्या मागनं गेले. घर येईपत्तूर तिनं एकदा बी मागं वळून बघितलं न्हाई.