माझं शून्य हलवलं, त्याची गोष्ट

मी एक जुना ताणकाटा आहे, मित्रांनो. वर कडी, खाली आकडा, पोटात दणकट स्प्रिंग. दीडशे किलोपर्यंत सहज पेलतो. तरुणपणी वखारीत पोती तोलली. पोत्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, ती बिचारी खोटं बोलत नाहीत. शिसारी आली ती माणसांची.

वखार बंद पडली तेव्हा ताईंनी मला भंगारातून उचललं, घासूनपुसून दुकानाच्या तुळईला टांगलं. ताई पॅराग्लायडर विकतात, फाटलेले पंख शिवून देतात. त्यांची गिऱ्हाइकं पायी डोंगर चढतात आणि पंख पसरून उडत खाली येतात. सगळं पाठीवर वाहायचं, म्हणून जो तो हलक्याच्या मागे. शी! काय काय लटकवलं माझ्या आकड्याला! दांडा कापलेला दातांचा ब्रश. चार दिवसांचे घामट मोजे. अरे, पोती तोलणाऱ्याला मोजे काय कळणार? पण हौसेला मोल नाही.

ताईंचा नियम एकच. पंख घ्यायचा तर बूट, हेल्मेट, भरलेली बाटली, सगळं अंगावर चढवून हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांच्या बैठकीत, बसायचं आणि मला लटकायचं. कारण प्रत्येक पंखाला वजनाची हद्द असते. रोज सकाळी त्या वीस किलोचं लोखंडी माप लावून मला तपासत. "बोल बाबा खरं," म्हणत. मी बोलायचो.

मग एका दुपारी ताईंचा धाकटा भाऊ आला. पोट सुटलेलं, पण हवा होता सगळ्यात छोटा पंख, पंच्याण्णव किलोंच्या हद्दीचा.

"मोठा घे रे, त्याचं ओझं अर्धा किलोच जास्त," ताई म्हणाल्या. "पाठीवर हलका घेशील आणि हवेतून धपकन खाली येशील."

"तुझं आपलं काहीतरीच, ताई! लटकून दाखवतो की."

ताई हार्नेस आणायला आत गेल्या. हा पठ्ठ्या स्टुलावर चढला आणि माझा शून्याचा स्क्रू पिळला. रिकामा असताना माझा काटा शून्यावरच खिळीला टेकलेला असतो, त्याखाली जात नाही, त्यामुळे बाहेरून काही दिसेना. मग तो लटकला. मी ताणलो एकशेचारला, दाखवले चौऱ्याण्णव.

"बघ!"

"बरं बाबा, मीच चुकले," ताई हसल्या. मला माझीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडता उघडताच त्याच्या बायकोचा फोन आला. पहाटेच तो पंख घेऊन उडाला आणि उतरताना जमिनीवर आदळला होता, दोन्ही घोटे मोडले. "मीच दिला गं तो पंख," म्हणत ताई ढसाढसा रडल्या. रडतरडतच, सवयीने, त्यांनी मला वीस किलोचं माप लावलं.

काटा दहावर थांबला.

ताईंचं रडणं थांबलं. त्या स्टुलावर चढल्या आणि स्क्रू जागेवर आणला.

मित्रांनो, मला तेल द्या, नका देऊ. मोजेसुद्धा लटकवा, मी नाक दाबून सोसेन. पण तोलणाऱ्याचं शून्य हलवू नका. वजन कमी होत नाही, फक्त आपल्या माणसाच्या डोळ्यांत धूळ जाते.

आता ताई मला दिवसातून चार वेळा तपासतात. "बोल बाबा खरं," असं मात्र म्हणत नाहीत.